काळा सराव

तारापूर,
४ जुलै १९६५

चि. शांताराम,

ताईचा आशीर्वाद घे आणि आधी हे सांग, चित्राची वरची बाजू कुठली?

तुझी गुंडाळी उलगडली आणि घरात सभाच भरली. तुझे भावोजी म्हणाले, वादळ आहे. माई म्हणाल्या, "सुनबाई, हा तव्यावर करपलेला भात दिसतो." सासूबाईंशी वाद कोण घालणार? मी ते उचललं आणि थेट दाऊद मास्तरांच्या घरी नेलं. विद्या त्यांची, तेव्हा वाचायचा मानही त्यांचाच. विषमज्वरातून उठल्यावर दोन वर्षं तू त्यांच्या ओट्यावर बसून बरू झिजवलास. तेव्हा मला एवढंच वाटायचं की पोर जगलं, आता ते फारसी गिरवो नाहीतर मोडी.

मास्तरांनी चित्र भिंतीला टेकवलं आणि चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. मी विचारलं, "मास्तर, लिहिलंय काय?"

"काय पन लिवलेला नाय, आनंदीबाय," ते म्हणाले. "ह्यो सराव हाय. सियाह मश्क. काला सराव."

मग त्यांनी मला अडाणी बाईला समजावून सांगितलं. कातिब, म्हणजे सुंदर अक्षर लिहिणारा, हात बसावा म्हणून एकच अक्षर उभं, आडवं, उलटं, एकावर एक लिहीत जातो आणि शेवटी कागद काळा होतो. त्यात शब्द नसतो, निरोप नसतो. नुसतं वळण असतं. "सराव कोन कोनाला दाखवीत नाय. तुज्या भावानं भिंतीवर लावला," असं म्हणून ते हसले. ही तक्रार की कौतुक, मला कळलं नाही. पण चित्र त्यांनी परत दिलं नाही. त्यांच्या हलीमाभाभी म्हणाल्या की खाटेवरून दिसेल असं खिळ्याला लावून घेतलंय.

लोक हे खरंच विकत घेतात का रे? उत्तर लिही, नुसतं "मजेत आहे" लिहू नकोस.

तुझी
ताई

मुंबई, गिरगाव,
१९ जुलै १९६५

ती. ताई,

शांतारामचा नमस्कार. माईंना सांग, करपलेल्या भाताला इथे फार मान आहे.

वरची बाजू कुठली म्हणतेस, मी स्वतः दोनदा बदलली. मला चित्रातून कुणाला काही सांगायचं नाही. नस्तालीकमध्ये, मास्तरांच्या त्या फारसी वळणात, अक्षर उजवीकडून उतरतं, पोटाशी जाड होतं आणि शेवटी केसाएवढं उरतं. ते उतरणंच मला कॅनव्हासवर हवं आहे, पुरुषभर उंचीचं. बरूने ते होत नाही म्हणून मी रंगाऱ्याचे चपटे ब्रश तिरके कापून घेतले. इथले चित्रकार पॅरिसकडे डोळे लावून बसलेत आणि माझी सगळी पुंजी आपल्या गावातल्या एका ओट्यावरून आलेली. हसू येतं कधीकधी.

आता खरी बातमी. ऑक्टोबरात माझं प्रदर्शन आहे, एकट्याचं. दालनाचे मालक सोमेश्वर शेठ स्वतः घरी येऊन ठरवून गेले. बारा वर्षं लोकांच्या साबणाच्या जाहिराती रंगवल्या, ताई. हे हुकलं तर मी पुन्हा साबणाकडेच जाणार.

प्रदर्शनाची छोटी पुस्तिका छापणार आहेत. तिच्या पहिल्या पानावर मी मास्तरांचं नाव घालणार. हे त्यांना वाचून दाखव. तुझ्या माळ्यावरच्या ट्रंकेत आमच्या दोघांचे सरावाचे जुने कागद आहेत ना, ते उंदरांपासून जप. पुढच्या चित्रांना लागतील.

तुझा
शांताराम

मुंबई,
१० सप्टेंबर १९६५

ताई,

घाईत लिहितो. इथे काचांना काळे कागद लावलेत आणि संध्याकाळ झाली की सगळं शहर अंधारात. पाकिस्तानच्या जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्यापासून लोक समुद्राकडे संशयाने बघतात. परवा चाळीतल्या एका गृहस्थाने माझ्या खोलीत डोकावून विचारलं, "हे पाकिस्तानी काय लावलंय?" मी म्हटलं, चित्र आहे. तो म्हणाला, आम्हाला अक्षर ओळखू येतं.

सोमेश्वर शेठही बिचकलेत. चित्रांची नावं बदला म्हणतात.

ट्रंकेतले ते कागद जाळून टाक. सगळे, आजच. तुमच्या तिथे तर अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललंय, पहारा असेल. उगाच तुझ्या घरावर बालंट नको.

शांताराम

तारापूर,
१४ सप्टेंबर १९६५

चि. शांताराम,

आशीर्वाद. तुझं काम झालं, पण तू म्हणालास तसं नाही.

ट्रंक मागच्या दारी आणली, चूल पेटवली आणि पहिला कागद हातात घेतला तर मला तो जाळवेना. म्हटलं, ज्यांचे आहेत त्यांना विचारावं. मास्तर ऐकताच चप्पल न घालता आले. "अक्षार जालीत नाय, आनंदीबाय. अल्लाचा नाव पन ह्याच अक्षरांनी लिवतात. पान्यात सोडायचा." आपण निर्माल्य चुलीत घालतो का? मलाही पटलं. त्यांनी सगळे कागद मेणकापडात बांधले, आत बुडायला एक दगडी पाट्याचा तुकडा घातला आणि ओहोटी लागल्यावर खाडीच्या तोंडाशी नेऊन सोडून आले. मी म्हटलं, मेणकापड कशाला? तर म्हणाले, शाई एकदम सुटू नये, हळूहळू जावी. जणू काही पोरीची पाठवणीच.

गावात रोज नवी अफवा असते. बोईसरला केंद्राच्या कामावर आलेली माणसं फलाटावर एकमेकांचे चेहरे निरखतात. किनाऱ्यावर आपलीच पोरं काठ्या घेऊन फिरतात आणि टिटवी ओरडली तरी शिट्टी फुंकतात. "आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी," असे तुझे भावोजी म्हणतात. तू काळजी करू नकोस. नीट जेव.

ताई

तारापूर,
२१ सप्टेंबर १९६५

शांताराम,

हे पत्र मिळाल्याबरोबर निघ.

मास्तरांना हेर म्हणून धरून नेलं. सातपाटीच्या सुका कोळ्याच्या जाळ्यात बोंबलांबरोबर ते गाठोडं आलं. मेणकापडामुळे आतले कागद जवळजवळ कोरडे. त्याने सोडून पाहिलं तर काळीकुट्ट उर्दू अक्षरं आणि बुडवायला बांधलेला दगड. द्वारकेनंतर प्रत्येक होडीवाल्याला बजावलंच होतं की काही सापडलं तर आणून द्या. त्याने चौकीवर दिलं. असलं लिहिणारा या पट्टीत एकच माणूस. शिवाय आपल्याच पहाऱ्यावरच्या एका पोराने त्यांना खाडीकडे जाताना पाहिलं होतं.

मास्तरांनी एक शब्द लपवला नाही. सांगितलं, सरावाचे कागद आहेत, निम्मे माझे, निम्मे माझ्या शागिर्दाचे, तो मुंबईत यावरून चित्रं काढतो, त्याला विचारा. मीही तुझ्या भावोजींना घेऊन गेले आणि सांगितलं की ट्रंक माझी, कागद मी दिले. फौजदार म्हणाले, "बाई, तुम्हाला ही लिपी वाचता येते?" मी म्हटलं, नाही. "मग त्यात काय आहे ते तुम्हाला काय ठाऊक?"

यावर मी काय बोलू? ते तूच बोलू शकतोस. मास्तरांच्या भिंतीवरचं चित्र पोलीस त्यांचंच म्हणतात, तू स्वतः एखादं चित्र घेऊन ये, कागदाशेजारी ठेव, आंधळ्यालाही कळेल. सत्तरीचा माणूस आहे, दमा आहे. हलीमाभाभी ओट्यावर बसून आहेत आणि शेजारपाजारची माणसं पलीकडच्या गल्लीने जाऊ लागलीत.

ताई

मुंबई,
३० सप्टेंबर १९६५

ती. ताई,

तुझं पत्र वाचलं. पण आता शांतपणे विचार कर. लढाई थांबली आहे. सरकारलाही कळतं की म्हाताऱ्या कातिबाने कुणाचं काही बिघडवलेलं नाही. चारदोन दिवसांत सोडतील. पालघरला एखादा चांगला वकील भावोजींनी पाहावा.

मी आत्ता आलो तर नाव वर्तमानपत्रात येईल. अकरा तारखेला प्रदर्शन उघडतंय, आमंत्रणं गेलीत. सोमेश्वर शेठ म्हणाले, एवढासा बोभाटा झाला तरी दालनाला कुलूप लावीन. मी मास्तरांना सोडणार नाही, ताई. फक्त प्रदर्शन पार पडू दे. मग लगेच येतो.

तुझा
शांताराम

तारापूर,
८ ऑक्टोबर १९६५

शांताराम,

चारदोन दिवस कधीच संपले. मास्तरांना इथून हलवलं. कुठे ते वकिलाला आठवडाभर विचारत फिरावं लागलं.

आता गंमत ऐक, हसू आलं तर हस. कागद वाचायला त्यांनी एक जाणकार आणला. त्याने दोन दिवस डोकं घातलं आणि लिहून दिलं की अक्षरं फारसी आहेत पण शब्द एकही लागत नाही. तुला वाटेल, सुटले. उलट झालं. फौजदार वकिलाला म्हणाले, "अर्थ लागत नाही म्हणजे सांकेतिक लिपी." त्यात काही लिहिलेलं असतं, गझल, हिशेब, शिव्या, काहीही, तर मास्तर आज घरी असते. काहीच लिहिलेलं नाही म्हणून ते आत आहेत. आणि काहीच लिहिलेलं नाही हे पटवू शकेल असा जगात तू एकटा.

तुझी मोठी बहीण आहे म्हणून हात जोडत नाही. पण जोडलेच असं समज.

ताई

मुंबई,
१९ ऑक्टोबर १९६५

ती. ताई,

प्रदर्शन छान झालं. उद्घाटनाला जिन्यापर्यंत माणसं होती. सात चित्रं गेली आणि एक दिल्लीला मागितलंय. मोठं काळं चित्र एका पारशी बाईंनी घेतलं. त्या म्हणाल्या, यात मला समुद्र ऐकू येतो. नावं बदलली होती, "भरती", "ओहोटी", "दोरखंड" अशी. चित्रांना काय, कुठलंही नाव चालतं.

पुस्तिकेत मास्तरांचं नाव या वेळी घालता आलं नाही. कारण तुला कळेल.

दिवाळीनंतर नक्की येतो. माईंना आणि भावोजींना नमस्कार.

शांताराम

तारापूर,
२ नोव्हेंबर १९६५

शांताराम,

आज आशीर्वाद लिहायला हात उठत नाही.

काल वकील आणि मी फौजदारांकडे गेलो होतो. शेवटचं एकदा सांगावं की मुंबईत विचारा, माझा भाऊ आहे, चित्रकार आहे. त्यांनी खणातून वर्तमानपत्राचं कात्रण काढून माझ्यापुढे सरकवलं. तुझा फोटो. काळ्या चित्रापुढे हाताची घडी घालून उभा आहेस, अंग भरलंय जरा.

खाली तुझेच शब्द. वार्ताहर विचारतो, या आकारांवर फारसी लेखनाची छाया आहे का? तू म्हणतोस, "मुळीच नाही. मला ती लिपी ठाऊक नाही. हे आकार माझ्या गावच्या किनाऱ्यावरचे, कोळ्यांच्या दोरखंडांचे आहेत. मला कुणी गुरू नाही."

फौजदार वाईट बोलले नाहीत. मऊपणाने म्हणाले, "बाई, आम्ही चौकशी केली नाही असं नाही. म्हाताऱ्याने ज्याचं नाव घेतलं त्यानेच हात वर केलेत. आता खोटं कोण बोलतंय ते तुम्हीच सांगा."

मी म्हणाले, माझा भाऊ खोटा. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी पुस्तकातलंच समजत होते.

हे कात्रण त्यांनी मास्तरांनाही दाखवलं आहे. पुढल्या आठवड्यात हलीमाभाभींना भेटीची परवानगी मिळाली आहे. त्याच्या आत ये. तू लाजेने आलास, घाबरून आलास, रडत आलास तरी चालेल. नुसता ये.

आनंदी

मुंबई,
६ नोव्हेंबर १९६५

ताई,

तू नुसतं आनंदी लिहिलंस.

मी ते बोललो. शेठ शेजारी उभे होते आणि वार्ताहराने तोच प्रश्न तीनदा विचारला. मला वाटलं, चित्रांबद्दलचं वाक्य आहे, चित्रांपुरतंच राहील. गावातला फौजदार मुंबईचं कलेचं पान वाचेल हे मनातही आलं नाही. मास्तरांच्या जबाबाला माझं वाक्य आडवं जाईल हा विचार मी केला नाही. केला असता तर वेगळं बोललो असतो का, हेही आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

सोबत मुद्रांकाच्या कागदावर लिहून सही केलेला जबाब पाठवतो. त्यात सगळं आहे. मी दोन वर्षं त्यांच्याकडे शिकलो, कागद आमच्या सरावाचे, त्यांना अर्थ नाही, वर्तमानपत्रात मी खोटं बोललो. हा ताबडतोब दे. मागोमाग मी येतो. शेठना काय वाटायचं ते वाटो.

शांताराम

(तार)
तारापूर, १३ नोव्हेंबर १९६५
मास्तर गेले. ये. आनंदी.

मुंबई,
२४ नोव्हेंबर १९६५

ती. ताई,

तार मिळाली त्याच दिवशी निघालो होतो. बोईसरला उतरलो. एस.टी.त तारापूरची चार माणसं बसलेली दिसली, त्यांतल्या एकाने मला ओळखलं आणि मान फिरवली. मी फलाटावर परत गेलो आणि पहिल्या गाडीने मुंबईला आलो. तुला तोंड दाखवणं जमलं असतं. हलीमाभाभींच्या ओट्याची पायरी चढणं जमलं नसतं.

माझा जबाब वेळेत पोचला का? त्यांना तो कळला का? एवढंच सांग, ताई. आणि जाताना त्यांनी माझ्यासाठी काही निरोप ठेवला का? शिवी असली तरी लिही. मला रात्रीची झोप नाही.

शांताराम

तारापूर,
५ डिसेंबर १९६५

चि. शांताराम,

तू विचारलंस म्हणून लिहिते. राग आता उरलेला नाही.

कोठडीत मास्तरांची फुप्फुसं भरली होती. आजारी पडल्याचं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मय्यत गावात आणली त्या दिवशी अर्ध्या घरांनी दारं लोटून घेतली. हेराच्या जनाज्याला कोण जाणार? त्यांचेच लोक घाबरले, तर आपल्यांचं काय घेऊन बसायचं? खांदा द्यायला माणसं कमी पडली म्हणून तुझे भावोजी गेले. वाटेत सातपाटीहून सुका धावत आला आणि त्याने न विचारता खांदा लावला. परतताना आमच्या अंगणात बसून तो लहान मुलासारखा रडला. "मना काय ठाव, बाय? कागूद गवला, मी निऊन दिला. मना वाचाया येतंय का?" मी त्याला पाणी दिलं. त्याला मी काय बोलणार, त्याने निदान सापडलं ते सापडलं असं सांगितलं.

तुझा जबाब मिळाला त्याच दिवशी मी आणि वकील घेऊन गेलो. फौजदारांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, "याचा आता उपयोग नाही. आरोपीने स्वतःच जबाब बदललाय." आणि त्यांनी मास्तरांचा दुसरा जबाब वकिलाच्या हातात ठेवला. त्यात होतं, कागद सगळे माझे. मुंबईच्या चित्रकाराशी माझा संबंध नाही. त्याचं नाव मी घाबरून घेतलं. मी आयुष्यात कुणाला शिकवलेलं नाही. खाली चार तारीख आणि सही, मोत्यासारखी.

मला वाटलं, मारून लिहून घेतलं असणार. हलीमाभाभी म्हणाल्या, नाही. भेटीला गेल्या तेव्हा त्यांनी हेच विचारलं होतं, असं का केलंत? मास्तरांना कात्रण दाखवलं होतं ना, त्यांनी ते नीट पाहिलं होतं. म्हणाले, "पोराचा फोटू आलाय. मोटा झाला. माजा बोलना खरा ठरला, तर त्याचा खोटा ठरल, मंग त्याची चित्रा कोन घेनार? मी म्हातारा मानूस, माजा काय जातंय." भाभींनी हे मला सांगताना एकदाही तुझ्याबद्दल वाकडा शब्द काढला नाही. त्यापेक्षा काढला असता तर बरं झालं असतं.

म्हणजे तू सहा तारखेला सही केलीस, आणि त्यांनी त्याआधीच केली होती. तू खरं बोलायला निघालास तेव्हा तुझं खोटं त्यांनी खरं करून ठेवलं होतं.

निरोपाचं विचारतोस. मीही भाभींना विचारलं. त्यांनी मान हलवली. मी पुन्हा विचारलं, शांतारामसाठी काहीच नाही? तेव्हा त्या म्हणाल्या, "कोन शांताराम, आनंदीबाय? त्यांचा शागीर्द कोनी नवता."

ताई